एका यंत्राची अनेक नावे

कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावी शाळेच्या वा पंचायतीच्या भिंतीवर वाय-फायचे यंत्र (ॲक्सेस पॉइंट) टांगण्यास आज बिनतारी परवाना लागत नाही; परंतु १९३३ च्या कायद्यान्वये बिनतारी यंत्र परवान्यावाचून नुसते बाळगणे हाही गुन्हा होता, आणि २८ जानेवारी २००५ रोजी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्पशक्ती यंत्रांवरील ही अट उठविली, तेव्हाच, माझ्या मते, ही विद्या खऱ्या अर्थाने रयतेची झाली.

या पट्ट्यात परस्परांस बाधा न आणणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे दफ्तर, विद्यार्थी आणि अभ्यागत यांच्यासाठी जागोजागी निराळी यंत्रे बसविली असता एकाच आवारात गोंगाट माजे. म्हणून एकाच रेडिओने जाळ्यांची अनेक नावे धारण करावी, प्रत्येक नावास स्वतंत्र पत्ता व परवलीचा शब्द असावा, आणि १९९८ च्या ८०२.१क्यू प्रमाणानुसार प्रत्येक चौकटीवर व्हीलॅनचा (आभासी स्थानिक जाळ्याचा) क्रमांक घालून एकाच तारेतून त्या त्या नावाची वाहतूक अलग न्यावी, अशी आभासी ॲक्सेस पॉइंटची योजना रूढ झाली.

मात्र प्रत्येक नाव सामान्यतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपली घोषणा करते, तीही मंद गतीने. सबब आठ नावे चालविणारा कारभारी वाहिनीचा सामायिक वेळ निष्कारण उधळतो. इतकी नावे लागतील अशा ठिकाणी ती दोन-तीनच ठेवून ८०२.१एक्सद्वारे माणसाची ओळख पटविणे आणि त्यावरून त्याचे जाळे ठरविणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.