दिल्लीचे बंदर

दिल्लीला समुद्र नाही. पण समुद्रावाचून दिल्लीचे कधी चालले नाही. मोगल बादशाहीत तिचे बंदर म्हणजे सुरत. तापीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्याने मोठी जहाजे सुवाळीच्या आश्रयाला नांगर टाकीत, आणि त्यांचा माल लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात येई. तेथून गाड्यांचे तांडे उत्तरेची वाट धरीत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरत लुटली, तेव्हा घाव बंदरावर बसला, पण त्याची कळ बादशहाच्या दरबारापर्यंत पोचली.

काळ पालटला. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, आणि मालाचे गाठोडे पाठीवरून उतरविण्याचे युग सरू लागले. माल न उघडता पेटीच जहाजावरून आगगाडीवर चढू लागली. अशा पेट्यांसाठी मुंबईसमोर, खाडीच्या पैलतीरावर न्हावा-शेवा बंदर उभे राहिले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले.

या बंदराकडे येणारे जहाज पाहण्यासारखे असते. बाहेर समुद्रातच एक छोटी नौका त्याच्या कुशीला लागते. दोरीच्या शिडीवरून आरकाटी, म्हणजे बंदराचा वाटाड्या, वर चढतो. खाडीचे उथळ, ओहोटी-भरतीचे वेग आणि खोल केलेल्या जलमार्गाच्या कडा त्याला तोंडपाठ असतात. पण केवळ ज्ञान पुरत नाही. सुकाणू आपल्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या बळावर काम करते. वेग मंदावला की त्याचा धाक ओसरतो. शिवाय पेट्यांच्या उंच भिंतीवर वारा आदळतो. शेकडो फूट लांबीचे ते धूड तेव्हा स्वतःला आवरू शकत नाही. मग टग, म्हणजे ओढनौका, पुढे सरसावतात. कोणी दोर घेऊन मागून आवरते, कोणी रबरी टेकण लावलेल्या नाळेने बाजूस रेटते. आरकाटी रेडिओवरून हुकूम देतो, आणि जहाज बोटाबोटाने धक्क्याला टेकते. थोराला धाकट्याचा आधार लागतो, हे सुवाळीचेच तत्त्व येथे नव्या रूपात दिसते.

परंतु धक्का रिकाम्या भूमीवर उभा राहत नाही. या भागात मिठागरे होती, भातखाचरे होती, कोळीवाडे होते. नव्या मुंबईसाठी चाललेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. संपादित भूमीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळावा, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे मान्य झाले. बंदराच्या इतिहासातून हे पान वगळले, तर उरतो तो केवळ हिशेब.

धक्क्यावरून उचललेली पेटी आगगाडीने दिल्लीकडे निघते, आणि तुघलकाबादच्या कोरड्या बंदरात किंवा यमुनेपलीकडे दादरीला उतरते. सीमाशुल्काची तपासणी तेथेच होऊ शकते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दक्षिणेस दौलताबादेला हलविली. आता त्याच्या पित्याच्या गढीशेजारी दक्षिणेतला माल येऊन उतरतो. ज्या दिल्लीला लाटांचा आवाज ऐकू येत नाही, तिचा संसार असा दूरच्या भरती-ओहोटीवर, ओढनौकांच्या नावाड्यांवर आणि उरणच्या भूमीवर चाललेला आहे. राजधानीने हे ऋण ध्यानी ठेवावे.