अर्धशिशी : उपचार आणि कसोटी

ज्याला अर्धशिशी जडली आहे, त्यालाच तिची यातना ठाऊक. उजेड सोसवत नाही, आवाज सोसवत नाही, अन्न पोटात ठरत नाही. आणि गेलेली कळ पुन्हा केव्हा उठेल याचा नेम नाही. अशा माणसाने जो जो उपाय सांगेल तो तो करून पाहिला, तर त्यात नवल ते काय?

दुखणे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील ‘अर्धावभेदक’ ती हीच. अर्धे मस्तक, आणि दहा-पंधरा दिवसांनी किंवा अकस्मात उठणारी कळ, हे लक्षण ग्रंथकाराने नेमके टिपले आहे. त्यावर नाकातून औषध देण्याचा, म्हणजे नस्याचा, उपचार त्यात आहे. आपल्या घरांतून सुंठ उगाळून कपाळाला लेप देत आले. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने जुनाट डोकेदुखीसाठी जिवंत वीजमासा दुखऱ्या जागी ठेवावयास सांगितले!

या उपायांना गुण येत नसे काय? येई, निदान आल्यासारखे वाटे. कारण अर्धशिशीची कळ बहुधा काही तासांत, फार तर तीन दिवसांत, आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. येथेच इतिहासाची खरी मेख आहे.

म्हणूनच कसोटी हवी. इंग्लंडात शेवंतीच्या कुळातील ‘फीव्हरफ्यू’ची पाने अर्धशिशीवर खाण्याचा प्रघात होता. १९८५ साली, ती रोज खाणाऱ्या १७ रुग्णांपैकी ८ जणांना त्या पाल्याची व ९ जणांना नुसतीच दिखाऊ कॅप्सूल देण्यात आली. दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांचे दुखणे वाढले. प्रयोग लहान, पण वाट योग्य. उलट ‘बटरबर’ या वनस्पतीची शिफारस अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली केली, आणि यकृताला अपाय होण्याच्या भीतीने २०१५ साली मागे घेतली. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही खरी नव्हे. आणि २०१४ साली अमेरिकेत अर्धशिशीसाठी कपाळावर सौम्य विद्युत्प्रवाह देणाऱ्या उपकरणाला परवानगी मिळाली, तेव्हा रोमच्या त्या माशाची आठवण कोणास होणार नाही?

जुने म्हणून पुजू नये, जुने म्हणून टाकूही नये. रुग्णाच्या वेदनेवर विश्वास ठेवावा. औषधावर मात्र पारखून.