बायबली पुरुषनामे, महाराष्ट्रातील

बायबलच्या जुन्या व नव्या करारांतील व्यक्तींवरून मुलग्याचे नाव ठेवण्याची प्रथा. महाराष्ट्रात ती मुख्यतः कोकणातील बेने इस्राएल ज्यू आणि ख्रिस्ती या दोन समाजांत आढळते. दोहोंचा ग्रंथ काही अंशी एकच असला, तरी या नावांचा इतिहास मात्र परस्परांहून भिन्न आहे. बेने इस्राएलांमध्ये बायबली नाव ही पूर्वजांकडून आलेली आणि इतर बरेच काही विस्मृतीत गेल्यावरही टिकलेली ठेव होती. ख्रिस्ती समाजात ते प्रथम धर्मांतराची खूण म्हणून आले. त्यामुळे मुलाचे नाव निवडताना त्याला कोणत्या परंपरेशी व कोणत्या भाषेशी जोडावयाचे, हा प्रश्न दोन्ही समाजांपुढे वेळोवेळी उभा राहिला.

बायबलमधील नावे बहुधा सार्थ असतात. ‘एल’ (ईश्वर) किंवा ‘याह’ (यहोवा या नामाचा संक्षेप) हे घटक त्यांत वारंवार येतात. उदा., दानीएल म्हणजे ‘ईश्वर माझा न्यायाधीश’, यहेज्केल म्हणजे ‘ईश्वर बळ देतो’, एलीया म्हणजे ‘यहोवा माझा देव’. काही नावांमागे जन्मप्रसंगाची कथा असते. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथेनुसार राहेलीने प्राण सोडताना आपल्या मुलाचे नाव ‘बेनओनी’ म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ असे ठेवले. परंतु पिता याकोब याने ते बदलून ‘बन्यामीन’, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, असे केले. ज्यू धर्माचारात मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी जाहीर करतात. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नामकरणाचा प्रसंग आहे. नातलग त्याला पित्याचे जखऱ्या हे नाव देऊ पाहतात, आई त्यास नकार देते आणि मुका झालेला पिता पाटीवर ‘योहान’ हे नाव लिहून वाद मिटवितो. नाव घराण्याचे असावे की ईश्वराने सुचविलेले, हा पेच तेव्हाचाही होता.

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अन्य ज्यूंशी संबंध तुटल्यामुळे धर्मग्रंथ आणि हिब्रू भाषा यांचे ज्ञान त्यांच्यात उरले नाही; सुंता, शब्बाथ आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द मात्र राहिले. सुंतेबरोबर मुलग्यांची बायबली नावेही राहिली. स्त्रियांची नावे मात्र शेजारच्या मराठी समाजातलीच असत. मुलीच्या नावाला सुंतेसारख्या विधीचा आधार नव्हता, हे या भेदाचे एक कारण मानता येईल.

टिकून राहिलेली ही पुरुषनामे मूळ रूपात राहिली नाहीत. मराठी बोलण्याच्या वळणाप्रमाणे ती संक्षिप्त झाली व त्यांना ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागला. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, बन्यामीनचा बुनाजी, एलीयाचा एलोजी आणि अब्राहामचा आबाजी झाला. मुसाजी (मोशे) व दाऊदजी (दावीद) या रूपांत मुसलमानांच्या बोलीचा संस्कार दिसतो. यांपैकी आबाजीसारखे नाव हिंदूंतही रूढ असल्याने केवळ नावावरून धर्म ओळखणे कठीण होते. आडनावेही कोकणी रिवाजाप्रमाणे गावांवरून पडली. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर ही त्यांची उदाहरणे होत. त्यामुळे सामाजी हसाजी दिवेकर या नावातील प्रत्येक शब्द ऐकावयास मराठी आहे. परंतु त्यातील स्वतःचे व पित्याचे अशी दोन्ही नावे इस्राएलच्या संदेष्ट्यांची आहेत.

हे नाव काल्पनिक नाही. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर असेही ज्यांचे नाव लिहिले जाते, ते सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. पुढे १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनॅगॉग बांधले. ‘शार हारहमीम’ (दयेचे द्वार) असे त्याचे नाव असून मुंबईतील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता दिवेकरांच्या नावाने ओळखला जातो. सिनॅगॉगच्या स्थापनेनंतर पुरुषाच्या हिब्रू नावाला विधीतील निश्चित स्थान लाभले. तोरा-वाचनासाठी पुरुषाला ‘अमक्याचा पुत्र अमुक’ असे पुकारतात. विवाहाच्या करारपत्रातही हाच प्रकार असतो. अशा वेळी सामाजी हे रूप पुरत नाही, ‘शमुएल बेन यहेज्केल’ म्हणावे लागते. कोचीनच्या ज्यूंनी दिलेले धर्मशिक्षण या पुनरुज्जीवनास कारणीभूत झाले.

एकोणिसाव्या शतकात या प्रक्रियेला छापील ग्रंथांचे बळ मिळाले. डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. मिशनरी शाळांतून बेने इस्राएल मुलांना बायबल मराठीतून वाचावयास मिळाले. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. आपल्या आजोबांचे हसाजी हे नाव कोणत्या ग्रंथातील आहे, हे नातवाला आता वाचून कळू लागले. परंतु मूळ नावाकडे परतताना समाजाने मराठी बायबलातील शमुवेल, यहेज्केल, बन्यामीन ही हिब्रूस जवळची रूपे व्यवहारात घेतली नाहीत. शाळा, पलटण व सरकारी कचेरी यांच्या नोंदींत सॅम्युएल, इझिकिएल, बेंजामिन, मोझेस ही इंग्रजी रूपे रूढ झाली. अनेकांनी गावाचे आडनाव सोडून पित्याचे किंवा आजोबांचे नाव आडनावाच्या जागी लावले. म्हणूनच इझिकिएल, मोझेस, रूबेन ही आडनावेही दिसतात. इंग्रजीतील कवी निसीम इझिकिएल (१९२४–२००४) यांचे आडनाव याच प्रकारचे आहे. याउलट चित्रपट अभिनेते डेव्हिड यांच्या डेव्हिड अब्राहम चेऊलकर या पूर्ण नावात बायबल, इंग्रजी वळण आणि चौल हे गाव तिन्ही एकत्र आढळतात. याच काळात स्त्रियांतही रेबेका, रेचेल, एस्तेर यांसारखी बायबली नावे प्रचारात आली.

ख्रिस्ती समाजात या नावांचा प्रवेश वेगळ्या मार्गाने झाला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. बाप्तिस्म्याच्या वेळी पूर्वीचे नाव टाकून संताचे नाव घेण्याची रीत तेथे पडली. पेद्रो, पावलू, जुआंव (योहान), जुझे (योसेफ) ही बायबली नावे आणि आंतोनियो, फ्रांसिस्कु यांसारखी उत्तरकालीन संतांची नावे एकाच प्रवाहातून आली. येथे नाव हे पूर्वजांशी नाते सांगणारे नसून नव्या समाजातील प्रवेशाचे चिन्ह होते. कॅथलिक धर्मसंहितेने १९१७ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली होती. १९८३ च्या संहितेत ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे एवढीच अपेक्षा ठेवली आहे. त्यामुळे भारतीय भाषांतील नावांना मोकळी वाट मिळाली.

मराठी प्रॉटेस्टंटांत हा प्रश्न आधीच चर्चेचा होता. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नेहेम्या हे जुन्या करारातील नाव धारण केले. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) व १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी मात्र आपली नावे तशीच ठेवली. ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण सोडणे नव्हे, अशी टिळकांची भूमिका होती आणि हिंदू देवतेचे नाव धारण करूनच त्यांनी ख्रिस्तावरील अभंगरचना केली.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल क्रमाक्रमाने इस्राएलमध्ये स्थायिक झाले. तेथे हिब्रू ही व्यवहाराची भाषा असल्याने सॅम्युएलचा श्मुएल, बेंजामिनचा बिन्यामिन व मोझेसचा मोशे झाला. हिब्रूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत आणि तेथून पुन्हा हिब्रूत असा या नावांचा प्रवास पूर्ण झाला. तथापि पेणकर, किहीमकर यांसारखी आडनावे तेथेही आढळतात. सामाजी, हसाजी, बुनाजी ही रूपे मात्र प्रचारातून गेली. मूळ उच्चार परत मिळविताना झालेली ही हानी लहान नाही. कारण ज्या शतकांत ग्रंथ व भाषा दोन्ही दूर होती, त्या शतकांत संदेष्ट्यांची स्मृती याच मराठी रूपांनी सांभाळली होती.