मुठीतला माइक

शिकागो ब्लूजच्या माऊथ ऑर्गनसाठी कोणता माइक घ्यावा, या प्रश्नाभोवती वादकांचे एव्हाना पंथ पडले आहेत. कुणी जुन्या अ‍ॅस्टॅटिक जेटी-३० ची शपथ घेतो, कुणी शुअरच्या 'ग्रीन बुलेट'ची. कुणाला स्फटिकाचाच माइक हवा, कुणाला चुंबकाचाच. भांडण कितीही असलं तरी सगळ्यांचं एक गृहीत सारखं आहे: १९५० च्या आसपास कुणा जाणत्याने या वाद्याला साजेसा माइक शोधून काढला, आपण फक्त तो हुडकायचा. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. त्या वादकांनी आधी ठरवलं ते माइक कसा धरायचा. माइक वाद्याबरोबर मुठीत कोंडायचा हे एकदा पक्कं झाल्यावर कोणते माइक टिकणार आणि कोणते बाद होणार, हे मुठीनेच ठरवून टाकलं.

आपल्याकडे माऊथ ऑर्गन कानात बसला आहे तो हिंदी सिनेमामुळे. 'सोलवा साल'मधलं देव आनंदचं आगगाडीतलं गाणं किंवा 'शोले'त रात्री एकटाच वाजवत बसलेला जय आठवावा. तो आवाज स्वच्छ आहे, थोडा दूरचा आहे, आणि माइक तिथे श्रोत्याच्या जागी आहे: वाद्यापासून अंतर राखून, मुकाट ऐकणारा. अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. १९४१ मध्ये आर्कन्सॉतल्या हेलेना गावच्या रेडिओ केंद्रावरून 'किंग बिस्किट टाइम' सुरू झाला आणि राइस मिलर, म्हणजे दुसरा सनी बॉय विल्यमसन, त्यातून घराघरांत पोहोचला. तोही माइकपुढे उभा राहून वाजवणारा. स्टुडिओच्या शांततेत हे जमतं. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर ते जमण्यासारखं नव्हतं. तिथे रविवारी उघड्यावर बाजार भरायचा, दक्षिणेतून पोटापाण्यासाठी आलेल्या काळ्या कुटुंबांची गर्दी उसळायची, आणि जवळच्या घरातून नाहीतर दुकानातून वायर ओढून गिटारवाले आपले अ‍ॅम्प्लिफायर चालवायचे. दहा भोकांचा, वीस पट्ट्यांचा, खिशात मावणारा होनर मरीन बँड त्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? स्नूकी प्रायर या वादकाने पुढे स्वतःच सांगितलं की लष्करात असताना तो कर्ण्यावरून बिगुलाच्या धून माऊथ ऑर्गनवर वाजवायचा आणि १९४५ मध्ये सुटून आल्यावर त्याने स्वतःसाठी तसाच संच विकत घेतला. पहिला मान त्याचा की आणखी कुणाचा, हा वाद चालू राहील. पण वाट कुठून आली ते यातून कळतं. ती संगीताच्या दुकानातून आलेली नाही, ती घोषणांच्या कर्ण्याकडून आली. आणि मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या एका रेडिओच्या दुकानातच १९४७ मध्ये माऊथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरची पहिली तबकडी निघाली, हेही इथे लक्षात ठेवावं. वॉल्टर तेव्हा पोरगेलासाच होता.

त्या काळी हाताशी असणारे माइक बोलण्यासाठी बनवलेले होते. ओहायोतल्या अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० हा सभा, घोषणा आणि हौशी रेडिओवाल्यांच्या कामाचा. शुअर ही शिकागोचीच कंपनी. तिने १९४९ मध्ये 'ग्रीन बुलेट' काढली तीसुद्धा टेबलावर ठेवून हुकूम, निरोप, पुकारे सोडण्यासाठी. दोन्हींचा आकार एखाद्या मोसंब्याला मागून निमुळतं केल्यासारखा. हा आकार वादकांसाठी योजलेला नव्हता, पण तो हातात घेतला की पुढची गोष्ट उलगडते. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात वाद्य, त्यामागे तळव्यात माइक, त्याची जाळी वाद्याच्या पाठीला जवळजवळ भिडलेली, आणि उजवा पंजा बाहेरून सगळ्या फटी बुजवणारा. आत उरते ओंजळभर हवा. पट्ट्यांमधून सुटणारा आवाज त्या कोंडलेल्या हवेत दाबाने साचतो आणि माइकच्या पडद्यावर थेट आदळतो. खालचे स्वर फुगतात, वरचे बोथट होतात. माइकमधून इतका जोरकस विद्युतसंकेत निघतो की अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्याच नळीला तो पेलत नाही. ती नळी आवाज फाडायला लागते, आणि पेटीच्या जातकुळीतलं हे चिमुकलं वाद्य सॅक्सोफोनसारखं घोगरं बोलू लागतं. बोलण्याच्या माइकची मर्यादाही इथे कामी आली. 'ग्रीन बुलेट' साधारण १०० ते ५००० हर्ट्झपर्यंतच नीट ऐकते. सी पट्टीच्या वाद्याचा सगळ्यात खालचा स्वर २६२ हर्ट्झच्या आसपास आणि सगळ्यात वरचा २०९३ च्या आसपास. म्हणजे मूळ स्वर सगळे आत येतात, बाहेर राहतो तो फक्त कानाला टोचणारा वरचा किनरेपणा.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी गरिबीची करामत. चांगले माइक परवडत नव्हते म्हणून स्वस्त वापरले, पुढे त्याचंच कौतुक झालं. बाजारापुरता हा आक्षेप खरा आहे. स्टुडिओत मात्र तो टिकत नाही, आणि त्याचा पुरावा एकाच स्टुडिओच्या दोन ध्वनिमुद्रणांत आहे. शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंगमध्ये १९४७ साली बिल पुटनमने हार्मोनिकॅट्स या माऊथ ऑर्गनच्या तिकडीचं 'पेग ओ माय हार्ट' मुद्रित केलं. न्हाणीघराचा घुमारा मिसळून केलेलं ते मुद्रण इतकं गाजलं की लोकप्रियतेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. माऊथ ऑर्गन निर्मळ आणि गोड कसा टिपायचा, हे त्या स्टुडिओला शिकवायची गरज नव्हती. त्याच युनिव्हर्सलमध्ये १२ मे १९५२ रोजी लिटल वॉल्टरने 'ज्यूक' वाजवलं. हवं असतं तर स्टुडिओच्या उंची माइकपुढे तो उभा राहिला असता. त्याने मुठीत माइक धरला, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाजवलं, आणि स्टुडिओचा माइक त्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी राहिला. एका वाद्यासाठी दोन माइक झाले. त्यातला उंची माइक ऐकण्याचं काम करत होता. मुठीतला मात्र पट्ट्या, ओठ आणि तळव्यासारखा वाद्याचाच भाग झाला होता. 'ज्यूक' रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे अव्वल राहिलं. परवडत नाही म्हणून वापरलेली वस्तू आणि समोर पर्याय असताना वापरलेली वस्तू यांत फरक करायलाच हवा.

तरी एक शंका उरते: मग उंची माइकच मुठीत का धरला नाही? कारण तो धरताच येत नव्हता. स्टुडिओंचा लाडका आरसीएचा ४४ हा रिबन माइक तीन किलोंहून जड, आणि त्यातली धातूची पातळ फीत जवळून बसलेल्या फुंकरीनेही खराब होते. उत्तम माइक अंतरावरून ऐकण्यासाठी घडवलेले होते. अंतर मिटवलं की त्यांचं उत्तमपण संपतं. निवड गुणवत्तेच्या क्रमाने झालीच नाही, हे यावरून दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्फटिकाच्या माइकला स्वतःचा सूर असतो, चुंबकाच्या माइकला निराळा. मग माइकचा वाटा नाकारायचा कसा? नाकारू नये. जेटी-३० मध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. पडदा हलला की स्फटिक वाकतो, वाकला की वीज निर्माण होते, आणि त्यातून येणारा चिरका रांगडेपणा वेगळा ओळखू येतो. पण हा स्फटिक ५५ अंश सेल्सियसच्या आसपास निकामी होतो, आणि दमट हवा त्याला मानवत नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात त्याचं काय होईल याची कल्पना करावी. उन्हात बंद केलेल्या मोटारीत विसरलेला माइक मुका होऊन मिळतो. सत्तर वर्षं जुना स्फटिक आज जसा वाजतो तसाच तो १९५२ मध्ये वाजत होता, असं म्हणायला आधार नाही. लिटल वॉल्टरच्या छायाचित्रांतही माइक एकच नाही. म्हणजे माइक बदलत गेले तरी त्याचा आवाज ओळखू येत राहिला. स्फटिक आवाजाला रंग देतो, पण रंग चढायला आधी भिंत लागते, आणि ती भिंत तळव्यांची आहे. नवशिक्याने मुठीत फट ठेवली तर लाखमोलाचा स्फटिकही पातळ, चिंचोळाच वाजेल.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माऊथ ऑर्गनवाल्याचे पंजे मोकळे असले की ते उघडमीट करून वाद्याला रडवतात, हसवतात. राइस मिलरची अर्धी कला त्या पंजांतच होती, आणि त्याने ती सोडली नाही. गाण्याच्या माइकपुढे तो अखेरपर्यंत हात मोकळे ठेवून वाजवत राहिला. मुठीत माइक आला की ही उघडमीट जवळजवळ जाते. जे हातांनी व्हायचं ते मग घशाने, जिभेने आणि श्वासाच्या दाबाने साधावं लागतं. वॉल्टरचा लांब, भरीव स्वर या अडचणीतूनच घडला, असं माझं मत आहे.

कंपन्यांना हे सगळं उशिरा कळलं. होनरने अ‍ॅस्टॅटिकच्याच सांगाड्यातला माइक 'ब्लूज ब्लास्टर' नावाने विकला. शुअरने 'ग्रीन बुलेट'ला आवाज कमी-जास्त करायची कळ बसवून तिला माऊथ ऑर्गनचा माइक म्हणून बाजारात उभं केलं. दुसरीकडे कित्येक वादक आज साध्या गाण्याच्या माइकवर, शुअरच्या एसएम५८ वर, तेच काम करतात. त्यांना फक्त त्याचं गोल डोकं मुठीत नीट बंद करता यायला हवं. तेव्हा जुन्या माइकसाठी पैसे मोजण्याआधी 'पेग ओ माय हार्ट' आणि 'ज्यूक' एकामागून एक ऐका. मग दुकानात जाल तेव्हा आपलं वाद्य बरोबर न्या आणि माइक त्याच्यामागे धरून पाहा. बोटांतून उजेड दिसत असेल तर तो माइक दुकानातच राहू द्या.