ओकव्हिल : मराठी भाषकांच्या इंग्रजीविषयक शंका

कॅनडात ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, टोरोंटो व हॅमिल्टन यांच्या दरम्यान विल्यम चिझम याने 1827 च्या सुमारास वसविलेल्या या नगरात स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना शुद्ध इंग्रजीविषयी ज्या शंका वारंवार पडतात, त्यांचे मूळ अज्ञानात क्वचितच असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने ज्या शिक्षणाचा पाया घातला त्यातील नियम बहुधा त्यांना मुखोद्गत असतात, परंतु बोलण्याच्या ओघात वाक्याची घडण मराठीच राहते.

कालविषयक शंका सर्वांत जुनी. ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ या निर्दोष वाक्यातील ‘पासून’ आरंभ व अवधी या दोहोंस सारखेच चालते आणि क्रियापद वर्तमानकाळी राहते. इंग्रजीत मात्र अवधीस ‘फॉर’ व आरंभास ‘सिन्स’ अशी वाटणी असते, सबब ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे चूक व ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’ हे बरोबर.

याहून अधिक निकडीची बाब नकारार्थी प्रश्नाची होय. ‘गोळी घेतली नाहीत का?’ असे विचारले असता मराठी मनुष्य ‘हो, नाही घेतली’ असे म्हणून विचारणाऱ्याच्या तर्कास दुजोरा देतो, तर इंग्रजीतील ‘येस’ व ‘नो’ वस्तुस्थितीवरच ठरतात. डॉक्टरांपुढे वृद्ध आजोबांनी निव्वळ ‘येस’ म्हटले तर गोळी घेतल्याची नोंद होते. म्हणून नव्याने आलेल्या वडीलधाऱ्यांना पूर्ण वाक्यात उत्तर देण्याची सवय आधी लावावी, बाकीचे व्याकरण सावकाश, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मराठीत ‘मीठ द्या’ हे क्रियापदाच्या रूपानेच सभ्य होते. इंग्रजीत ‘यू’ लहानथोरांस एकच असल्यामुळे आदराचा भार ‘कुड’ व ‘वुड’ यांवर पडतो, आणि त्यांवाचून केलेली विनंती, अंतःकरण कितीही नम्र असो, हुकमासारखी वाटते.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी 18 ते 54 वर्षे वयाच्या व्यक्तीस इंग्रजी वा फ्रेंच बोलण्याचा व ऐकण्याचाच दाखला लागतो, लेखनाचा नव्हे. लेखनात मुलांच्या वह्या पाहून पालक गोंधळतात खरे, कारण येथे ‘कलर’ ब्रिटिश रीतीने ‘यू’ घालून, तर गाडीचा ‘टायर’ अमेरिकन रीतीने ‘आय’ घालून लिहितात. अशा प्रसंगी कॅथरीन बार्बर यांनी संपादिलेला 1998 चा कॅनेडियन ऑक्सफर्ड कोश पाहावा.