‘हात सरावतात’

* ‘हात सरावतात’: पनवेलजवळच्या नेऱ्याहून तळोजे औद्योगिक वसाहतीत मासळी सोलायला जाणाऱ्या बाईचे हे म्हणणे हातांपुरते शास्त्राला धरून आहे. बर्फाच्या पाण्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. पाच-दहा मिनिटांनी त्या उघडून ऊब येते, मग परत आकसतात. थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्याने १९३० मध्ये ही आवर्तने वर्णिली. पुढे १९६२ साली ब्रिटनमधल्या मासे कापणाऱ्या कामगारांवरील अभ्यासात त्यांची बोटे इतरांपेक्षा लवकर उबेला येतात असे दिसले.

सबंध शरीर मात्र इतके सरावत नाही. उकाड्याशी जुळवून घ्यायला त्याला एक-दोन आठवडे पुरतात. उणे १८ अंशांच्या शीतगृहात पुष्कळ दिवस काढले तरी फार तर हुडहुडी कमी होते. बाकी भिस्त कपड्यांवर आणि मधूनमधून बाहेर येण्यावर. १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत यांच्या मोहिमेलाही हाच नियम होता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांसाठी काम चालते. त्या रोगात मज्जातंतू निकामी झाल्याने गारवा-चटका कळत नाही आणि नकळत जखमा होतात. थंडीने बधिर झालेल्या हातालाही हाच धोका असतो. पांढरी पडलेली, बधिर बोटे सरावलेली नसतात, त्यांना इजा होत असते. ती चोळू नयेत, कढत पाण्यातही घालू नयेत. काखेत धरून ऊब द्यावी.