दीड किलोची पीछेहाट

इतर कुठल्याही गावात माणूस बारीक झाला की लोक त्याचं अभिनंदन करतात. कोल्हापुरात त्याची चौकशी करतात. गेल्या हिवाळ्यात मी चार महिने घाम गाळून पाच किलो वजन उतरवलं, तेव्हा आमच्या बँकेतला शिपाई अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाला, "सायेब, घरात काही टेन्शन हाय का?" शेजारच्या काकूंनी सौभाग्यवतीला बाजूला घेऊन, हल्ली चांगले डॉक्टर कुठं बसतात ते सांगितलं. एका जुन्या खातेदारानं तर सहीचा नमुना पडताळतात तसा माझा चेहरा दोनदा पडताळला आणि मगच पैसे मोजून घेतले.

यात कोल्हापूरकरांचा दोष नाही, इतिहासाचा आहे. ज्या गावाचा राजाच पेहेलवान, त्या गावानं बारीक माणसाचं कौतुक कसं करावं? राजर्षी शाहू महाराज स्वतः धिप्पाड, कुस्तीचे दर्दी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, आणि त्या प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असं सांगतात. १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. आमच्यासारखा माणूस परदेशात गेला तर येताना चॉकलेट आणतो. महाराजांनी आख्खं मैदान आणलं! पुढं गावात पेठेपेठेला तालमी घुमू लागल्या, पेहेलवानांच्या खुराकाच्या कथा घरोघर पोचल्या आणि खुराक हा फक्त पेहेलवानांचा राहिला नाही. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांदेखत पेल्यात काढून घ्यायची आणि मिशीला फेस लागेपर्यंत प्यायची, हे दंड-बैठकांनंतर ठीक आहे. आम्ही ते लेजर-पोस्टिंगनंतर करत आलो. म्हणजे गावानं पेहेलवानी सोडली, खुराक तेवढा चालू ठेवला.

तरीही मी बारीक व्हायला निघालो, त्याला कारण होतं. बँकेच्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर काही रागावले नाहीत. "वडिलांना काय होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. वडील बावन्नाव्या वर्षी गेले. रात्री जेवून झोपले, ते सकाळी उठले नाहीत. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. ही वजाबाकी करायला बी.कॉम. असावं लागत नाही.

तेव्हा साखर बंद, भात अर्धा, पहाटे रंकाळ्याला फेरी, असा कार्यक्रम सुरू झाला. सौभाग्यवतीनं एक वही घातली. दर रविवारी सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. चौऱ्याऐंशीवरून मी एकोणऐंशीवर आलो. पट्ट्याला आतल्या बाजूनं एक नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा मला स्वातंत्र्य मिळाल्यासारखं वाटलं.

आणि मग सासुरवाडीची यात्रा आली.

सासुरवाडीच्या यात्रेचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी ती केली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केली नाही त्यांना पटायचं नाही. तीन दिवस तांबडा, पांढरा, सुकं मटण आणि "जावईबापू, एवढं एकच" हा मंत्र. जावयानं नको म्हणायचं असतं आणि सासूनं ते ऐकायचं नसतं, ही दोन्ही घराण्यांची रीत आम्ही मोडली नाही. परत आल्यावर रविवारी काट्यावर उभा राहिलो. साडेऐंशी! महिन्याभराहून जास्त कमाई तीन दिवसांत उडाली.

खरी गंमत पुढंच आहे. दीड किलो वाढलं म्हणून माणसानं दुसऱ्या दिवशी थोडं कमी खावं की नाही? मी दुसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली, दोनदा कट मागून घेऊन. "आता बिघडलंच आहे, तर नीट बिघडू दे" असा एक विलक्षण तर्क माणसाच्या डोक्यात अशा वेळी जन्म घेतो. एक चेक परत आला म्हणून कुणी खातं बंद करून पासबुक पंचगंगेत सोडत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं हेच करतात. मी रंकाळा बंद केला. पुढच्या रविवारी वही उघडलीच नाही. वही उघडली नाही की वजन वाढत नाही, असा माझा त्या आठवड्यातला सिद्धान्त होता.

एका संध्याकाळी खासबागेजवळून येत असताना ओळखीचे एक वस्ताद भेटले. वय पंच्याहत्तर, कान मोडलेले, छाती अजून पुढं. त्यांनीच विचारलं, "सायेब, फिरायला दिसत न्हाई हल्ली?" मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "पाठ लागली का?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी फोड करून सांगितली. आपल्या मातीतल्या कुस्तीत गुडघा टेकला, हात टेकला, माणूस तोंडावर पालथा पडला, तरी कुस्ती सुटत नाही. पाठ मातीला लागली तरच चितपट. "तुमचा तर नुसता गुडघा टेकलाय. आन् तुम्ही आखाडा सोडून कपडं घालून घरी निघाला. मग निकाल काय लावायचा?"

घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. वजनाचा ग्रह जरा बाजूला ठेवून या गावात आधी कुणाकुणाचे गुडघे टेकले होते ते आठवू लागलो, आणि पहिलंच नाव आलं खाशाबा जाधवांचं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा आमच्या राजाराम कॉलेजात शिकायला होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. सगळी कुस्ती मातीवर शिकलेली; तिथं मॅट, नियम वेगळे, गुणांची भानगड वेगळी. ५२ किलोच्या गटात सहावा नंबर आला. सहावा नंबर म्हणजे ना हार घालायला उपयोगी ना रडायला. माझ्यासारखा असता तर बोटीवरच मिसळ शोधत बसला असता. खाशाबांनी परत येऊन चार वर्षं मेहनत वाढवली. १९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं, तेव्हा पैशाची अडचण. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गहाणखतावर सही करताना भल्याभल्यांचा हात कसा थरथरतो ते मी रोज पाहतो, म्हणून त्या सहीचं मोल मला जरा जास्त कळतं. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं, रशियाच्या आणि जपानच्या मल्लांकडून हार खाल्ली आणि ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडं मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या. आणि मिरवणूक संपल्यावर या माणसानं कुस्त्यांची मैदानं भरवून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. असे कर्जदार आमच्या शाखेला मिळावेत एवढीच प्रार्थना.

आता यातली एक गोष्ट मी सौभाग्यवतीला मुद्दाम सांगितली. लंडनला खाशाबा ५२ किलोच्या गटात होते. पदक मिळालं ते ५७ किलोच्या. म्हणजे पराभवानंतर पाच किलो वर गेले आणि यशस्वी झाले! तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तेव्हा हा मुद्दा मी मागं घेतला.

पण खाशाबा पडले पेहेलवान. आपल्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाचं उदाहरण हवं म्हणून मी आणखी शोधलं, आणि मला विल्यम बँटिंग हा लंडनचा गृहस्थ सापडला. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचं काम याच घराण्याकडं होतं. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून उलटं उतरावं लागे. लोकांच्या शवपेट्यांची मापं घेणाऱ्या माणसाला आपल्या मापाची काळजी वाटणं साहजिकच आहे.

या बँटिंगच्या पीछेहाटी वाचून मला फार बरं वाटलं. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून तो रोज पहाटे दोन तास जड होडी वल्हवू लागला. ताकद वाढली, पण भूक त्याहून वाढली. वजन होतं त्याच्या वरच गेलं. मग वाफेची स्नानं घेतली, पन्नासाच्या आसपास. फरक पडला तो किरकोळ. वीस वर्षं हा खेळ चालला. अखेर ऐकू कमी येतं म्हणून तो १८६२ साली विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरकडं गेला आणि त्यानं कान सोडून ताटच तपासलं. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर, बटाटा बंद. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये बँटिंगनं आपली हकिगत स्वखर्चानं छापून वाटली. ती इतकी गाजली की इंग्रजीत खाण्यावर ताबा ठेवण्याला 'बँटिंग' म्हणू लागले. स्वीडिश भाषेत तर 'बांता' हे क्रियापद आजही चालू आहे. वयाच्या पासष्टीत ज्याला यश आलं तो पुढं एक्क्याऐंशीपर्यंत जगला. मी बोटं मोजली. मला अजून वेळ होता.

राहिला प्रश्न त्या दीड किलोचा. तो सोडवला इटलीतल्या पादुआच्या सांतोरिओ या प्राध्यापकानं. या महात्म्यानं मोठ्या काट्याला खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षं तो त्यात बसून स्वतःचं वजन, खाल्लेल्याचं वजन आणि बाहेर टाकलेल्याचंही वजन करत राहिला. १६१४ साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यातला एक हिशोब असा, की माणसानं दिवसात आठ पौंड खाल्लं-प्यालं तर त्यातले पाच पौंड न दिसता, घामाश्वासावाटेच उडून जातात. म्हणजे काट्यावरचा माणूस हा सकाळ-संध्याकाळ खालीवर होणारच. आजचं शास्त्र यात भर घालतं ती अशी: खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, भाताभाकरीतली साखर शरीर साठवतं तेव्हा तिच्या दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी साठतं. उलट एक किलो चरबी व्हायला गरजेपेक्षा ७,७०० च्या आसपास कॅलरी जादा खाव्या लागतात. तीन दिवसांत दीड किलो निव्वळ चरबी कमवायची तर रोजच्या जेवणाखेरीज आणखी जवळजवळ दोन माणसांचं दिवसभराचं जेवण रोज रिचवावं लागेल. सासूबाईंनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण तो दीड किलो बहुतांशी पांढऱ्या रश्शातलं मीठ आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी होतं. खरी चरबी मी कमावली ती नंतरच्या आठवड्यात, निराश होऊन.

हे समजल्यावर मला २०२४ चं पॅरिस आठवलं. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक. गावात फटाके वाजले आणि आठवडा होतो न होतो तोच विनेश फोगटची बातमी आली. ५० किलोच्या गटात एका दिवसात तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत गेलेली मुलगी, दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केसही कापले; शरीरानं ऐकलं नाही. त्या दिवशी बँकेत कुणी धड काम केलं नाही. तिच्यापुढचा काटा हा न्यायाधीश होता. त्याच्या निकालावर दुसऱ्या दिवशीचा रविवार नव्हता. माझ्या न्हाणीघराबाहेरचा काटा बिचारा नुसता कारकून आहे. जे आहे ते लिहितो, निकाल देत नाही. मीच त्याला न्यायाधीश करून ठेवला होता.

पुढच्या रविवारी पहाटे उठून मी वही काढली. मधल्या रविवारची ओळ कोरी असणार, तिथं काय लिहावं या विचारात होतो. ती कोरी नव्हती. सौभाग्यवतीच्या अक्षरात तिथं लिहिलं होतं: "वजन केलं नाही. मिसळ." तारीख घातलेली. इतकी चोख नोंद आमच्या शाखेतही होत नाही.

काट्यावर उभा राहिलो. एक्क्याऐंशी. लिहिलं. मग बूट घातले, नाडी बांधली (वाकून, स्वतः) आणि रंकाळ्याकडं निघालो. वाटेत तोच शिपाई भेटला, सायकल थांबवून त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आता जरा तब्येत सुधारल्यागत वाटतीया, सायेब!"

मी काही बोललो नाही. पावलं जरा भरभर टाकली, एवढंच.